पितळी लेन्स

"हालू नको," काळ्या फडक्याआडून रूपराव म्हणाला. परसात स्टुलावर बसलेली त्याची बायको सुलोचना मुळीच हलली नव्हती.

देवळीत फोटोचं दुकान टाकून त्याला बरीच वर्षं झाली होती. आता नागपूरच्या व्यापाऱ्याने दोन लेन्स पारखायला दिल्या होत्या. पटेल ती ठेवायची, दुसरी परत करायची. पहिलीतून सुलोचनेच्या नाकातल्या खड्यापासून मागच्या विहिरीच्या दगडांपर्यंत सगळं रेखीव दिसलं. दुसरी जुनी, पितळी, मोठ्या तोंडाची. ती लावून त्याने सुलोचनेचा चेहरा नेमका केला, तशी मागची विहीर ओल्या कागदावर शाई फुटावी तशी पसरून गेली. चेहरा मात्र असा उठून आला, की गिऱ्हाइकं खूश होतील असं त्याला वाटलं.

मग त्या पसरलेल्या रंगांत एक हिरवा डाग दिसला. कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं. डाग वरून खाली लोंबत होता. माणसाएवढा. त्याने फडकं सारून पाहिलं. भर दुपारचं ऊन, विहीर, रिकामा काठ.

पुन्हा फडक्यात शिरून त्याने लेन्सची फिरकी हळूहळू फिरवली. सुलोचनेचा चेहरा विरत गेला आणि डागाला कडा आल्या. हिरवं लुगडं. डाव्या खांद्याकडे कललेली मान. देवका अशीच उभी राहायची.

देवका त्याची पहिली बायको. मुदतीच्या तापाने गेली. साऱ्या पंचक्रोशीची लग्नं त्याने टिपली, पण तिचा फोटो काढायचा राहूनच गेला. ती हौसेने विचारायची, तो पुढच्या महिन्यावर टाकायचा.

बराच वेळ तो बाहेर येईना, तेव्हा सुलोचना समोर बघतच म्हणाली, "मांगं उभी हाये न ते?"

कोण, असं त्याने विचारलं.

"मले लगन झाल्यापासून वाटते. पाणी काढताना, भांडे घासताना. तुमाले सांगतलं नाई. तिचा फोटू नाई न आपल्या घरी?"

"नाई."

"मंग तिच्यावरच धरा. मी बसतो अशीच."

त्याने फोटो घेतला. फोटोची काच धुतली तेव्हा विहिरीचा दगड न् दगड स्पष्ट उतरला होता, दोराने पडलेल्या खाचासुद्धा. काठावर कोणी नव्हतं. पुढे सुलोचनेच्या जागी नुसता फिकट धब्बा. आपल्याला भास झाला, दुसरा काढू, असं तो म्हणाला. तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि नको म्हणाली. पहिली लेन्स त्याने परत पाठवली.

भाद्रपदात अविधवा नवमी आली, अहेवपणी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान वाढायचा दिवस. दर वर्षी सुलोचना नुसत्या दिव्यापुढे पान मांडायची. यंदा तिने तो फोटो पाटावर ठेवला आणि त्याला झेंडूचा हार घातला.

"आपल्याच फोटोले हार घालून राह्यली तू," रूपराव म्हणाला.

"मी कुठं दिसतो त्याच्यात?"

तिने पानावर भात वाढला, वरण वाढलं. मग तिचं लक्ष गेलं. हाराची एक बाजू विहिरीच्या काठावर आली होती. तिने ती बोटाने सरकवली आणि तेवढी जागा मोकळी केली.