डब्यातला लिबोरियो

मित्रांनो, माझ्याजवळ बसायचं तर नाकाला रुमाल लावा. मी एक जुना माहितीपट आहे आणि माझ्या अंगाला व्हिनेगरचा वास येतो. का, ते ऐका.

टोरांटोतल्या इटालियन गवंड्यांवर मला बनवलं ओत्ताव्योनं. तो धंद्यानं न्हावी. दुकानाला कुलूप लावलं की कॅमेरा खांद्याला अडकवून निघायचा. त्यानं कुणालाच सोडलं नाही. टोमॅटो उकळणाऱ्या बायका, विटा चढवणारे गडी, अंगणात द्राक्षं तुडवणारी पोरं, सगळे माझ्यात आहेत. चर्चच्या हॉलमध्ये माझा पहिला खेळ झाला तेव्हा काय ती गर्दी! "अरे, ती बघ माझी टोपी!" "अगं बाई, मी एवढी जाड?" असा नुसता कल्ला चालला होता. तेवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

त्याच हिवाळ्यात कामावर भिंत कोसळली आणि लिबोरियो नावाचा गवंडी गेला. त्याची बायको नुंत्सिया पोटुशी होती. माझ्या शेवटच्या भागात लिबोरियो होता, म्हणून ओत्ताव्योनं माझी एकुलती प्रत तिच्याच हाती दिली.

नुंत्सियानं काळे कपडे घातले ते कायमचे. दुखवट्याच्या घरात रेडिओसुद्धा वाजत नाही, तिथं मेलेल्या नवऱ्याला भिंतीवर हसवणार कोण? तिनं मला कांतीनात, म्हणजे घराच्या पायऱ्यांखालच्या गार कोठडीत, ठेवून दिलं. शेजारी वाईनची पिंपं, वर टांगलेले सॉसेज आणि बाजूला व्हिनेगरची मोठी बरणी.

तिचा काय दोष हो? त्या घरात जपायची प्रत्येक गोष्ट कांतीनातच जायची. पण आम्ही फिल्मवाले ओलीत सडू लागलो की आम्हाला व्हिनेगरचा वास सुटतो. दुसऱ्या घरात कुणीतरी नाक मुरडलं असतं आणि मी वाचलो असतो. इथं बरणीशेजारी कुणाला काय कळणार? मी आतून सडत राहिलो आणि नुंत्सिया माझा डबा मनोभावे पुसत राहिली.

बाप गेल्यावर जन्मलेली तिची मुलगी पाल्मिना. तिनं बाप पाहिला तो लग्नाच्या एका फोटोत, ताठ उभा आणि गंभीर. साठी ओलांडल्यावर तिनं कसंबसं आईचं मन वळवलं आणि दोघी मला घेऊन एर्सिलियाकडे आल्या. जुने चित्रपट संगणकावर उतरवणं हा एर्सिलियाचा व्यवसाय.

झाकण उघडताच ती मागे सरली. "अगं बाई! याला ठेवलं होतं कुठं?"

"कांतीनात," नुंत्सिया अभिमानानं म्हणाली. "इतकी गार जागा अख्ख्या गल्लीत नाही."

एर्सिलियानं कपाळाला हात लावला. "मावशी, हा आकसलाय, कडक झालाय. यंत्रावर एकदाच चढेल. जेवढं उतरेल तेवढं आपलं, बाकी गेलं."

चाकं फिरू लागली. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? टोमॅटोवाल्या बायका नीट सुटल्या. विटांपाशी मी कडकन तुटलो. एर्सिलियानं चिकटपट्टीनं सांधलं. पुन्हा तुटलो. चित्राचे पापुद्रे टेबलावर पडू लागले. द्राक्षांचं अर्धं अंगण गेलं. लिबोरियो अजून आतच होता, रिळाच्या अगदी गाभ्याजवळ.

"बंद कर गं!" नुंत्सिया किंचाळली. "भुगा होईल त्याचा! डब्यात तरी आहे ना तो? राहू दे."

"डब्यात आहे, त्याचं मी काय करू?" पाल्मिनाचा आवाज फाटला. "तुला तो आठवतो, मम्मा. चालायचा कसा, हसायचा कसा. मला काय आठवतं, सांग ना!"

एर्सिलियाचा हात बटणावर तसाच थांबला. मग म्हातारीनं खुर्चीची कड घट्ट धरली.

"चालव," ती म्हणाली. "पण हळू चालव, बाई."

माझ्या कडा चिरत होत्या. मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटलं. आणि लिबोरियो आला! पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय द्राक्षांच्या रसानं माखलेले. पांढऱ्या डागांतून त्याचा चेहरा मधेच दिसे, मधेच लपे. "ओत्ताव्यो, गाढवा, आधी तोंड तर धुऊ दे!" तो ओरडला आणि खो खो हसत सुटला. तेवढ्यात मी तुटलो. त्यापुढचं कायमचं गेलं.

पडद्यावर ते हसू थांबलं होतं. पाल्मिना त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"मम्मा," ती हळूच म्हणाली, "हा तर पोरगा आहे गं. माझ्या धाकट्यापेक्षाही लहान."

"पोरगाच होता," नुंत्सिया म्हणाली आणि लेकीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

मित्रांनो, आता मी तुकड्यांत उरलोय. आम्हाला जपून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. जपूनच तर ठेवलं होतं मला. आम्हाला बाहेर काढा, घरच्यांना जवळ घेऊन बसा आणि बघा. ज्यांना बघायचंय ती माणसं आहेत, तोवर बघा.