डाव्या अंगाला

"कळला मला," कोपऱ्यातल्या स्टुलावरून गुणवंती खुसखुसली. "दोन्ही पोरगेच हायत. सांगायची बंदी ना, म्हणून डॉक्टरीणबाई गप झाल्या."

ऋतिकाला हसू आलं. सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता, पोटावरचं जेल गार होतं आणि डोळ्यांवर झापड येत होती. तिच्या या सासूबाई मिरकरवाड्याच्या बंदरावर सुरमई विकता विकता गिऱ्हाइकाच्या पोटातलं गुपित काढून घ्यायच्या. त्यांच्यापुढे डॉक्टरांचं मौन काय टिकणार! पाचव्या महिन्यातच त्यांनी साऱ्या बंदराला जुळ्यांची बातमी देऊन टाकली होती.

पण मृणाली डॉक्टर पुन्हा पुन्हा एकाच जागी यंत्र फिरवत राहिल्या. मग त्यांनी पडदा ऋतिकाकडे वळवला.

"वरचं बाळ चांगलं आहे. हे त्याचं हृदय. खाली, डाव्या अंगाला दुसरं बाळ आहे. त्याला डोकं नाही, हृदयही नाही. फार क्वचित होतं असं. वरच्याचंच रक्त त्याला जातं. दोघांचा भार ओढून हे हृदय थकायला लागलंय."

"मग?"

"मुंबईला जाऊन खाली जाणारं रक्त बंद करावं लागेल. तर वरचं वाचायची आशा आहे. नाहीतर दोन्ही जातील."

"जळला माजा तोंड," गुणवंती पुटपुटली आणि पदर तोंडात धरून बसली.

ऋतिका बघत राहिली. करड्या धुक्यात दोन इवले पाय हलत होते. आपणही पाण्याच्या तळाशी पडलोय, वरून नवऱ्याची, सोहमची होडी चाललीय आणि हाक मारली तरी त्याला ऐकू जात नाही, असं तिला वाटलं. सोहम खरंच खोल समुद्रात होता, फोन लागत नव्हता.

"हलतंय की हो ते."

"हलतंय," डॉक्टर म्हणाल्या. "पण आपलं आपण जगू शकणार नाही."

ऋतिकाने पडद्यावरून नजर काढली. "बंद करा," ती म्हणाली. आणि मग तिला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी गाडी मुंबईच्या वाटेला लागली. काचेबाहेर झाडं तरंगत मागे जात होती. शेजारी बसलेली गुणवंती तिच्याकडे वाकली.

"डाव्या कुशीवर हो गो. पोटुशीनं तसाच निजायचा."

"नको आई," ऋतिका डोळे न उघडता म्हणाली. "त्या अंगाला दुसरं हाय. दबेल ते."

गुणवंतीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितलं.