जाळीदार वाण

किशोर सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. दिवसभर मोजमापाची हत्यारं घेऊन बसायचं आणि केसभर चुकलेला भाग बाजूला काढायचा, हे त्याचं काम. तिथे तो मालकाच्या मेव्हण्यालाही जुमानत नसे. पण कारखान्याचं गेट ओलांडलं की या माणसाच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघणं बंद. शेजाऱ्याला वरातीला गाडी हवी, घेऊन जा. कोणाला सुट्टीच्या दिवशी कपाट हलवायचंय, किशोर हजर. त्यात समोर सासूबाई असल्या तर बघायलाच नको.

सासूबाई म्हणजे देवळ्याच्या लंकाबाई. दोन हजार चारचा अधिक महिना होता. अधिकात जावयाला जाळीदार वस्तूचं वाण द्यायचं, म्हणून घरोघरी अनारसे जातात. लंकाबाईंनी अनारसे दिलेच, पण नुसत्या अनारशांवर भागवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. मागच्या अधिकात त्यांनी टेबलफॅन दिला होता, कारण त्याला जाळी असते. या खेपेला त्यांनी पुतण्याकरवी मालेगावहून चार अलॉय चाकं धाडली. चकचकीत, भोकंच भोकं. सोबत निरोप होता, रविवारी येते, याच चाकांवरून मला वणीच्या गडावर न्या.

किशोरने चाकं मोजली आणि त्याचा चेहरा उतरला. त्याची गाडी जुनी, चाकं दुसऱ्याच कुठल्या गाडीची. बोल्टांच्या वर्तुळात दोन मिलिमीटरचा फरक. तरी मन राखायला तो द्वारका चौकाजवळच्या एका टायरवाल्याकडे गेला. “बसतंय की साहेब, जोर लावला की सगळं बसतं,” असं म्हणून त्याने ती बसवलीसुद्धा. घोळ तिथेच होता. चाक बसल्यासारखं दिसत होतं, पण नट तिरके टेकले होते. असे नट चालता चालता सैल होतात, बोल्ट तुटतात. गडाचा घाट उतरताना तसं झालं, तर पुढचं बोलायला कोणी उरत नाही. किशोर गाडी मुंगीच्या पावलांनी घरी घेऊन आला.

“आईला फोन करून सांगा,” त्याची बायको अंजली म्हणाली.

“तू सांग ना.”

“वाण तुम्हाला आलंय.”

किशोरने अर्थातच फोन केला नाही. त्याऐवजी त्याने एक युक्ती शोधली, आणि ती त्याला फार हुशारीची वाटली.

रविवारी लंकाबाई आल्या. चाकांना हळदकुंकू वाहिलं, कौतुकाने एका भोकातून बोट फिरवलं आणि नातीला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसल्याही. अंजली त्यांच्या शेजारी बसली, नवऱ्यावर डोळे रोखून.

“आई, बॅटरी उतरलीय,” किशोर म्हणाला. हीच ती युक्ती.

“मंग ढकलू की,” लंकाबाई म्हणाल्या आणि खिडकीतून हाका मारून त्यांनी बिल्डिंगमधले चार बाप्ये गोळा केले.

झक मारत किशोर स्टिअरिंगवर बसला. मंडळींनी मागून जोर लावला आणि याने ब्रेक दाबून धरला. गाडी जागची हलेना. मंडळी घामाघूम झाली. शेवटी तळमजल्यावरचे रंगनाथ कपाळ पुसत खिडकीशी आले. “भाऊ, बॅटरी उतरली म्हणता, मग मागचे लाल दिवे कसे पेटले? ब्रेकवर पाय ठेवून आम्हाला कशाला दमवता?”

किशोरचं लक्ष आरशात गेलं. लेक आजीच्या बांगड्यांशी खेळत होती. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. अजून थोडी भीड पडली असती, तर आपण या पोरीला घेऊन घाटाला लागलो असतो, हे त्याला लख्ख कळलं.

तो उतरला आणि त्याने मागचं दार उघडलं. “आई, खाली उतरा. या चाकांवर मी गाडी नेणार नाही.”

किशोरने पाना लावून एक नट काढला आणि सासूबाईंच्या हातावर ठेवला. तो एकाच अंगाला घासला होता. “चाकं चांगली आहेत, पण या गाडीची नाहीत. मध्ये जाड चकती करून घ्यावी लागेल. एका बाजूने ती गाडीच्या बोल्टांना बसेल, दुसऱ्या बाजूला या चाकांच्या मापाचे बोल्ट असतील. मग चाक कुठे घासत नाही ना ते बघायचं, थोडं चालवून नट पुन्हा आवळायचे. तोवर जुनीच चाकं.”

“माझं वाण नाकारता?”

“वाण ठेवतो. तुम्हाला त्याच्यावर बसवत नाही.”

लंकाबाईंनी नटाच्या घासलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि किशोरचं धाबं दणाणलं.

“जावईबापू, पोर दिली तवा मला येकच भ्या होतं,” त्या म्हणाल्या. “माणूस लय चांगला हाय, पण कोणालाच नाय म्हणत नाय. उद्या माझ्या पोरीसाठी कोणापुढं उभं राहायचं झालं, तर हे राहतील का? लय वर्सं वाट बघितली. आन् आज नाय म्हणालात, ते बी मला.”

अंजलीने किशोरकडे बघितलं, आणि या वेळी ती नजर वेगळी होती.

जुनी चाकं पुन्हा चढवायला वेळ लागला असता, म्हणून देवीला ते एसटीने गेले. गाडी शहराबाहेर पडते न पडते तोच लंकाबाईंनी पुढच्या सीटवरच्या बाईला सांगायला सुरुवात केली, की जावयाने मला सगळ्या बिल्डिंगीसमोर गाडीतून खाली उतरवलं. ती बाई बिचारी हळहळायच्या बेतात होती. मग त्यांनी तेच कंडक्टरला सांगितलं. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता रागाने इकडेतिकडे पाहिलं. “कोण तो जावई?”

“हे काय, हेच,” लंकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी अभिमानाने किशोरच्या खांद्यावर हात ठेवला.