औषधाचं पाकीट

कोपऱ्याला लावलेलं हळदीचं बोट अजून पिवळंच होतं. कुणाच्या तरी लग्नाचं पाकीट... आतली पत्रिका केव्हाच रद्दीत गेली, वरचा गणपती रोजच्या हाताळणीने पुसट झाला, आणि त्याच्या खाली निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, एकच शब्द – औषध. कारभारींनी पाकिटात फुंकर मारली, दोन बोटं घालून चाचपलं. काही नव्हतं. नसणारच. हे पाकीट महिनाअखेरीला बरोबर रिकामं व्हायचं, ना एक रुपया वर, ना एक रुपया खाली, आणि या गोष्टीचा त्यांना मनातून फार अभिमान होता. त्यांनी शंभराच्या सहा नोटा मोजून आत सरकवल्या.

पलंगावर पाकिटं मांडली होती. दूध, किराणा, लाईटबिल, गॅस, औषध, पाहुणे, सण, आणि सगळ्यांत शेवटी, जरा बाजूला, अडीनडी. कंपनीची पेन्शन जेमतेम, वरच्या खोलीचं भाडं आणि बँकेचं व्याज धरून महिना निघायचा – तो निघायचा तो या आठ पाकिटांमुळे. दर एक तारखेला अंघोळ झाली की कारभारी नोटा मोजून द्यायचे आणि बायको कुसाबाई त्या ज्या त्या पाकिटात घालायची. मग महिनाभर ती त्यातून काढून खर्च करायची आणि ते रात्री जेवणाआधी विचारून विचारून डायरीत लिहायचे. गेले दोन महिने हे बंद होतं. मुलगी हर्षाली पुण्याहून येऊन राहिली होती, तिनेच सगळं पाहिलं, आणि परवा ती परत गेली. आज पुन्हा एक तारीख होती. कुसाबाई उशीला टेकून बसली होती, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, आणि नजर पाकिटांवर.

“बरी आहेस ना?” त्यांनी विचारलं.

“बरी शे,” ती म्हणाली.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिची भाषाच गेली होती. हळूहळू शब्द परतायला लागले ते सगळे सटाण्याकडचे, माहेरचे. सिडकोत राहायला आल्यावर तिने ते बाजूला ठेवले होते. ठेवले होते म्हणजे... मीच म्हणालो होतो एकदा, लोक हसतात. नंतर तिच्या तोंडून कधी तसा शब्द आला नाही. तीस वर्षं कुठे ठेवले असतील तिने ते? कारभारींनी पिशवी उचलली, औषधाचं पाकीट खिशात घातलं आणि ते निघाले. तेवढंच पाकीट न्यायचं, दुसरा पैसा बरोबर घ्यायचा नाही, हाही त्यांचाच नियम होता.

पवननगरच्या रस्त्यावर भाजीवाल्यांच्या गाड्या लागल्या होत्या. ऊन कोवळं होतं, अंगाला लागत नव्हतं. कट्ट्यावर भिकन पाटील आणि मंडळी बसलेली दिसली, त्यांनी हात केला, कारभारींनीही केला. याच कट्ट्यावर मागच्या दिवाळीत, कॉलनीच्या फराळाला, खर्चाचा विषय निघाला होता. भिकन पाटील म्हणाले, आपल्याकडे एकच ड्रॉवर, ज्याला लागेल त्याने काढावं, संपलं की बोंब मारावी. दुसऱ्या एकाची बायको पेन्शन स्वतःच उचलायची आणि त्याला चहापाण्यापुरते मोजून द्यायची. तो मजेत होता. हर्षालीच्या मोबाईलमध्ये तर रंगीत चक्र होतं – बाबा, खर्च कमी-जास्त झाला की तो तुकडा लाल होतो, बघा! – आणि कारभारींनी तिला हसून उडवून लावलं होतं. मग मंडळींच्या आग्रहाखातर ते उभे राहिले आणि पाकिटांवर चांगलं वीस मिनिटं बोलले. आपल्या घरात औषधाचं पाकीट दोन वर्षांत एकदाही उणं गेलेलं नाही, असंही बोलले. टाळ्या पडल्या होत्या. कुसाबाई मागे बायकांमध्ये बसली होती. ती हसली होती का तेव्हा? आठवेना.

मेडिकलवाल्या दीपकने त्यांना बघितल्याबरोबर हातातलं काम ठेवलं. “या काका. काकू कशा आहेत आता? नेहमीचंच ना – तुमच्या शुगरच्या तीन स्ट्रिप, काकूंच्या प्रेशरच्या दोन?”

“दोन?” कारभारी म्हणाले. “रोजची एक गोळी आहे तिला. तीस लागतील. तीन दे.”

दीपकने सहा स्ट्रिप काउंटरवर मांडल्या आणि तो कॅल्क्युलेटरवर बोटं मारू लागला. “डॉक्टरांनी हीच गोळी ठेवली ते बरं झालं. काकू दर महिन्याला दोनच न्यायच्या. म्हणायच्या, मागची एक शिल्लक आहे घरात... तुमच्या एकशेतीसप्रमाणे तीनशे नव्वद, काकूंच्या एकशेपाचप्रमाणे तीनशे पंधरा. सातशे पाच झाले, काका.”

कारभारींनी पाकीट काढलं. सहाशे. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं, पुन्हा आत बघितलं, आणि दीपकने – काही वाईट मनात न आणता, नुसत्या सवयीने – काकूंच्यातली एक स्ट्रिप मागे ओढली.

“आता बसतंय बरोबर,” तो म्हणाला.

बरोबर बसत होतं. तीनशे नव्वद आणि दोनशे दहा. सहाशे. डायरीत दर महिन्याला लिहिलेलं, खाली दोन रेघा मारलेलं, औषध – सहाशे. दोन वर्षांपूर्वी गोळ्या महागल्या, तरी आकडा तोच. कारभारी काउंटरच्या काचेला हात टेकून उभे राहिले. इथेच ती उभी राहायची, हेच पाकीट घेऊन, हाच आकडा ऐकायची, आणि कुठली स्ट्रिप मागे सारायची याचा तिला क्षणभरसुद्धा विचार करावा लागला नसेल... मागची शिल्लक आहे घरात. कुठे होती शिल्लक? एक तारखेपासून वीस तारखेपर्यंत गोळी, आणि पुढे दहा दिवस नुसतं पाणी पिऊन झोपायचं. झटका आला तो सत्तावीस तारखेला.

“काका, बरं वाटत नाही का? बसा जरा.”

“तिसरी पण दे,” ते म्हणाले. आवाज स्वतःचा वाटला नाही. “एकशेपाच आणून देतो.”

“अहो, द्या हो उद्या, कुठे पळून जाताय!”

परतताना कट्ट्यावरून जायला नको म्हणून ते मागच्या गल्लीने गेले. दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरणीने विचारलं होतं – प्रेशरच्या गोळ्या नियमित चालू होत्या का? आणि मी म्हणालो, अगदी नियमित. म्हणालो काय, पिशवीतून डायरी काढून दाखवली, हे बघा मॅडम, माझ्याकडे पैन्‌पैचा हिशेब आहे. तिने बघितलीही. कुसाबाई स्ट्रेचरवर डोळे उघडे ठेवून पडली होती आणि तिला बोलता येत नव्हतं. बोलता आलं असतं तर ती काय म्हणाली असती? काही नाही. हो म्हणाली असती.

एकदा सांगायचं होतंस की. किंमत वाढली, सहाशेत बसत नाही, एवढंच. मी काय खाल्लं असतं तुला? – पण हे विचारतानाच त्यांना गॅसचं पाकीट आठवलं. हर्षाली नववीत होती. सहलीला दीडशे कमी पडले म्हणून कुसाबाईने गॅसच्या पाकिटातून काढून दिले आणि अठ्ठावीस तारखेला सिलिंडर संपला. कारभारी ओरडले नाहीत. ओरडणाऱ्यांतले ते नव्हतेच, याचंही कॉलनीत कौतुक होतं. ते तीन दिवस तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. शेजारच्या शेगडीवर तिने करून आणलेलं मान खाली घालून जेवले, डायरी लिहिली, झोपले. चौथ्या दिवशी म्हणाले, या पाकिटातून त्या पाकिटात यापुढे नाही. तिने मान हलवली. इतक्या वर्षांत ती वेळ पुन्हा आली नाही, आणि त्यांना वाटत राहिलं की घर शिस्तीत चाललंय.

आणि अडीनडीचं पाकीट? त्यात साडेअकरा हजार होते. दवाखान्याला ठेव मोडली, तेव्हाही ते कुणी उघडलं नाही. त्यांना तेव्हा बरंच वाटलं होतं. महिन्याला एकशेपाच लागत होते तिला, आणि साडेअकरा हजार तिच्याच कपाटात, तिच्याच साड्यांच्या खाली होते. ती रोज तिथून साडी काढत होती.

कुसाबाई तशीच बसली होती. पाकिटं जशीच्या तशी. कारभारींनी सहा स्ट्रिप तिच्यासमोर ठेवल्या, तीन आणि तीन. तिने डाव्या हाताच्या बोटाने त्या एकेक करून मोजल्या, थांबली, आणि आपल्यातली एक उचलून हळूच त्यांच्या बाजूला सरकवली.

“नको,” ती म्हणाली. “बरी शे मी.”

कारभारींना बोलायचं होतं. सगळं वाटेत जुळवून आणलं होतं – मला कळलं, चूक माझी आहे, डायरी आता बंद. पण तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एवढ्या वर्षांत असलं काही बोलायची सवयच नव्हती. ते खाली बसले, अडीनडीचं पाकीट ओढलं आणि त्यातून पाचशेची नोट काढली. नोट कोरी होती, बाकीच्या नोटांना चिकटलेली. ती सोडवता सोडवता त्यांनी मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते आणि तिने ते बघू नये असं त्यांना वाटलं.

मग पलंग जरासा हलला. कुसाबाई पुढे वाकली होती. डाव्या हाताने ती पाचशेची नोट त्यांच्या बोटांतून सोडवून परत त्या पाकिटात घालायचा प्रयत्न करत होती, नोट दुमडत होती, पाकीट सरकत होतं, आणि ती त्यांच्या खाली गेलेल्या मानेकडे बघत होती. ती नजर कारभारींनी ओळखली. शेजारच्या शेगडीवरून भाजी आणून ताटात वाढतानाची ती नजर होती.

तिला वाटतंय मी रागावलोय.

नाही गं, ते म्हणाले... म्हणाले की मनातच राहिलं? कारण तिचा हात थांबला नव्हता, नोट अर्धी आत गेली होती, आणि ती घाईघाईने, एकेक शब्द शोधत, काहीतरी कबूल करत होती – त्यांच्या गप्प बसण्याचा दुसरा कुठलाही अर्थ तिला या घरात कधी कळलाच नव्हता.