गप्प बसलेला पट्टा

बारकीची उंची सहा फुटांना दोन बोटं कमी होती. भावंडांत ती शेवटची, म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे ते बदलायचं कुणाला सुचलं नाही. गॅरेजमध्ये नवीन गिऱ्हाईक "बारकी कोण?" असं विचारत यायचं, समोर बघायचं आणि मग हळूहळू मान वर करायचं.

त्या दिवशी सकाळी अकराला जी निळी गाडी फाटकातून आत वळली, तिच्यातल्या माणसांना मात्र बारकीची उंची चांगली ठाऊक होती. गाडी तिची आत्या चालवत होती आणि शेजारी आतोबा बसले होते. बारकी हातातला पाना तसाच धरून बघत राहिली. आत्या स्टिअरिंग फिरवत नव्हती, त्याच्याशी कुस्ती खेळत होती. खांदे वर, ओठ आत, आणि अंगाचा सगळा भार एका बाजूला. गाडी कशीबशी वळली आणि टायरांच्या ढिगापासून वीतभर अंतरावर थांबली.

"मागचा एक दिवा लागत नाही," आत्या उतरत म्हणाली. "तीन वाजता माझी चाचणी आहे, आणि परीक्षक आधी दिवे बघतो. तेवढा बल्ब बदल गं, मग जाऊन थोडा सराव करते."

"कितवी चाचणी?" फोरमनने विचारलं. तो या गॅरेजमध्ये तीस वर्षं होता, आणि कुठला प्रश्न विचारू नये हे त्याला तीस वर्षांत कळलं नव्हतं.

"चौथी. तिन्ही वेळा नापास. आजही झाले, तर हा नाद सोडून देणार. मैत्रिणींना सांगूनही टाकलंय."

"पण ताई, साहेब चालवतात की गाडी. तुम्हाला कशाला हवंय लायसन्स?"

"माझी थोरली बहीण टेकडीपलीकडे राहते. हे मला तिच्याकडे नेतात, तिच्या खुर्चीत बसतात, आणि अर्ध्या तासाने घड्याळ बघून म्हणतात, निघूया का? लग्नाला छत्तीस वर्षं झाली. बहिणीशी एक गोष्ट शेवटापर्यंत बोलून झालेली नाही."

"अर्धा तास नाही, पाऊण," आतोबा म्हणाले. एवढं बोलून ते ऑफिसच्या दाराकडे गेले, कारण ते दार करकरत होतं. आतोबांनी आयुष्यभर शिवणयंत्रं दुरुस्त केली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी लांब नाकाची छोटी तेलाची डबी त्यांच्या खिशात असायचीच, लोक पेन ठेवतात तिथे. त्यांनी बिजागरीवर दोन थेंब सोडले, दार दोनदा उघडलं, मिटलं, आणि आवाज गेला तसा त्यांचा चेहरा निवळला.

बल्ब दोन मिनिटांत बदलून झाला. पण बारकीचं लक्ष आत्याच्या तळहातांकडे गेलं होतं. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते.

"हाताला काय झालं, आत्या?"

"व्यायाम." आत्याने पिशवीतून रबरी चेंडू काढला आणि दाबून दाखवला. "परीक्षक म्हणाला, बाई, तुमचं बाकी सगळं ठीक आहे, पण गाडी मागे घेऊन रांगेत लावताना तुमचे हात पुरे पडत नाहीत. स्टिअरिंग अर्ध्यात सोडता. या वयात व्हायचंच. मग म्हटलं, हात कमवावेत. सहा महिने चेंडू दाबतेय. घरातल्या सगळ्या बरण्या आता मीच उघडते."

"आणि मी झाकण लावलं की म्हणते, सैल राहिलं," आतोबा दाराजवळून म्हणाले.

बारकी गाडीत बसली, सीट पार मागे ढकलली आणि गाडी सुरू करून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. सुरुवातीला ते गुमान आलं. पण अर्ध्याच्या पुढे असं जड झालं, की तिलाही दुसरा हात लावावा लागला.

"आतोबा, तुम्हाला हे जड वाटत नाही?"

"मला? नाही बुवा. मी सरळ रस्त्याने जातो आणि जिथे मोकळी जागा असेल तिथे लावतो."

बारकीने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सव्वाअकरा.

"आत्या, तुझे हात ठीक आहेत. गाडीत बिघाड आहे."

आत्याचा चेंडू दाबणारा हात थांबला. तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग भाचीकडे. "मला बरं वाटावं म्हणून म्हणत असशील, तर नको म्हणूस."

"मोजून सांगते."

अंदाजाने सुटे भाग बदलत जाणं बारकीला पसंत नव्हतं. फोरमनला त्यात काही गैर वाटायचं नाही, आणि दहापैकी सात वेळा त्याचा अंदाज बरोबरही निघायचा, हेच बारकीचं दुखणं होतं. तिने गाठोडी टांगून तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला, त्याचा आकडा स्टिअरिंगच्या कडेला अडकवला आणि ओढला. गाडी सुरू असताना चाकं सरळ असली की तीन किलो. पूर्ण वळवत आणली की अकरा. इंजिन बंद करून ओढलं, तर चौदा.

"म्हणजे गाडी सुरू असो की बंद, शेवटी शेवटी तू जवळजवळ एकटीच चाकं वळवत होतीस," बारकी म्हणाली. "मदत करणारी यंत्रणा ऐन वेळी हात वर करते."

"अगदी आमच्या ह्यांच्यासारखं," आत्या म्हणाली.

आता मदत कुठे अडते, ते शोधायचं होतं. टायरांतली हवा बरोबर निघाली. पॉवर स्टिअरिंगचं तेल खुणेपर्यंत होतं, लालसर, स्वच्छ, फेस नाही. पुढची चाकं जॅकवर उचलून इंजिन बंद ठेवून फिरवली, तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखी फिरली. म्हणजे सांधे कुठे धरलेले नव्हते. राहिला पंप आणि त्याला फिरवणारा पट्टा. इंजिनच्या एका चाकावरून दुसऱ्या चाकावर जाणारा हा रबरी पट्टा पंप फिरवतो, पंप तेलावर दाब आणतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. पट्टा घसरत असला, की वळताना गाडी अशी किंचाळते की रस्त्यावरची माणसं वळून बघतात.

"आत्या, वळताना गाडी किंचाळते का कधी?"

"पूर्वी किंचाळायची. मी शिकायला लागले तेव्हा. पहिल्याच दिवशी मी एवढी दचकले, की ब्रेकऐवजी भलतंच दाबलं. मग थांबला तो आवाज आपोआप."

दाराजवळ आतोबांना ठसका लागला. फोरमनने त्यांना पाणी दिलं.

बारकीने पट्टा पाहिला. काळा कुळकुळीत होता, कुठे चिरलेला नव्हता. आवाज नाही, तेव्हा पट्टा ठीक, असं मनाशी धरून ती पुढे गेली. पंपाच्या नळीत तिने दाबाचं मीटर जोडलं. काटा जिथे जायला हवा, त्याच्या अर्ध्यावर जाऊन लटपटत राहिला.

"पंप गेला," फोरमन म्हणाला. "मी मघाशीच सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुझं मोजमाप चाललं होतं. मध्ये कशाला बोला?"

या गाडीचा पंप मागवला तर यायला तीन दिवस. बारकीने हे सांगितलं, तेव्हा आत्याने मान डोलावली, चेंडू पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन ओढली. "असू दे. तू बघितलंस, तेवढं पुरे. जाते मी तशीच, आणि येते परत." ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली, की बारकीला बॉनेट मिटवेना.

ती उघड्या बॉनेटपाशी उभी राहिली. मीटरने एवढंच सांगितलं होतं, की दाब बनत नाही. का बनत नाही, ते मीटर सांगत नव्हतं. पंप झिजला असेल, किंवा पंप चांगला असून फिरतच नसेल. आणि आत्याचा एक शब्द तिच्या डोक्यात घोळत होता. आपोआप. झिजणारी वस्तू आपोआप बरी होत नाही. किंचाळणारा पट्टा दिवसेंदिवस जास्त किंचाळतो. गप्प बसत नाही.

तिने खिशातून खडू काढला, इंजिन बंद करून पंपाच्या चाकावर मधोमध पांढरी रेघ मारली आणि जॅक काढून गाडी पुन्हा जमिनीवर टेकवली.

"आत्या, बस आत. सुरू कर आणि मी सांगेन तेव्हा पूर्ण डावीकडे वळव."

इंजिन सुरू झालं. चाक वेगात फिरू लागलं आणि खडूची रेघ विरघळून तिचं एक फिकट वर्तुळ झालं.

"वळव."

आत्याने जोर लावला. इंजिन त्याच लयीत चालू होतं. पण ते फिकट वर्तुळ फुटलं, आणि त्यातून रेघ पुन्हा दिसू लागली. आधी लुकलुकत, मग इतकी सावकाश, की तिचे फेरे मोजता आले असते. पट्टा धावत होता आणि पंपाचं चाक जवळपास जागेवर उभं होतं. आवाज म्हणाल तर अजिबात नाही.

"बंद कर," बारकी म्हणाली. तिने पट्ट्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. बोट चकचकीत झालं. तिने ते नाकाशी नेलं. इंजिनच्या तेलाचा वास जड आणि जळका असतो. हा वास हलका होता, आणि ओळखीचा. लहानपणी सुट्टीत ती आत्याकडे राहायला जायची, तेव्हा त्या अख्ख्या घराला हाच वास यायचा.

तिने मान वळवली. आतोबा खिशावर हात ठेवून उभे होते.

"किती दिवस, आतोबा?"

"दर रविवारी," आतोबा म्हणाले. "दोनच थेंब. फार नाही घातलं."

आत्या गाडीतून उतरली.

"अगं, ती दचकायची," आतोबा भाचीला म्हणाले, पण बोलत होते बायकोशी. "पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, मला नाही जमणार, गाडी माझ्यावर ओरडते. मग मी बॉनेट उघडून आवाज कुठून येतो ते शोधलं आणि बंद केला. चाळीस वर्षं मी आवाज आला की तेलच घालत आलोय. माझ्या यंत्रातल्या पट्ट्याला कधी घातलं नाही, हे मात्र खरं. तिथे ते कळायचं. इथे कळलं नाही."

"म्हणजे मी सहा महिने चेंडू दाबत होते," आत्या सावकाश म्हणाली, "आणि तुम्ही वर्षभर तेल घालत होता."

"हो."

"आणि दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

आत्या हसायलाच लागली. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग गाडीला टेकून. फोरमन आतून नवा पट्टा घेऊन आला. हे नेहमीचं माप होतं, फळीवर असे सहा पट्टे पडले होते. "पंप ठीक असणार असं मला वाटतच होतं," तो म्हणाला. बारकीने ते ऐकलं नाही असं दाखवलं.

जुना पट्टा निघाला. ताण धरून ठेवणारा बोल्ट सैल झालेला सापडला. मूळची किंचाळी तिथलीच होती. बारकीने दोन्ही चाकांच्या खाचा फवारा मारून धुतल्या, फडक्याने पुसल्या, पुन्हा धुतल्या. नवा पट्टा चढवून बोल्ट आवळला, मधोमध अंगठ्याने दाबून पाहिला. बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जास्त दबला नाही. मीटरचा काटा या वेळी जिथे जायचा तिथे गेला आणि स्थिर राहिला. शेवटी स्प्रिंगचा काटा लावला: पूर्ण वळणावरही साडेतीन किलो. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"घे आत्या, फाटकापर्यंत जाऊन मागे ये."

आत्या बसली, खांदे वर केले, ओठ आत घेतले आणि वर्षभराच्या सवयीने स्टिअरिंगवर तुटून पडली. गाडी गर्रकन वळली आणि टायरांच्या ढिगात शिरली. वरचे तीन टायर घरंगळत ऑफिसपर्यंत गेले.

कुणाला लागलं नाही, गाडीलाही नाही. पण आत्याचा चेहरा उतरला. "आता हे नवीनच. पावणेदोन तासांत मी काय शिकणार? माझे हात ऐकणारच नाहीत."

बारकीजवळ याला मोजमाप नव्हतं. हातांना लागलेली सवय धुऊन काढायचा फवारा कुठल्या दुकानात मिळत नाही.

तेव्हा आतोबा येऊन शेजारच्या सीटवर बसले. "तू लग्नाआधी शिवायचीस ना? यंत्राचं चाक कसं फिरवायचीस? मुठीत धरून?"

"मुठीत धरलं तर दोरा तुटेल."

"मग? बोटांनी फिरव. पुढे बारीक कापड आहे असं समज. मलमल. सुई आहे, आणि टाका सरळ पडायला हवा."

आत्याने मूठ सोडली. बोटं कडेवर टेकवली. गाडी हळूच मागे सरकली, वळली, आणि बारकीने अंगणात मांडून ठेवलेल्या दोन रिकाम्या डब्यांच्या मध्ये आली. वाकडी होती, पण आली. दुसऱ्यांदा कमी वाकडी. अंगणात तासभर त्यांचं हेच चाललं. मध्येच आतोबांचा आवाज ऐकू यायचा, "दोरा, दोरा सांभाळ," आणि आत्याचा, "अहो, बोलू नका, टाका चुकतो."

अडीच वाजता गाडी फाटकातून गेली. सव्वाचार वाजता परत आली, आणि तिन्ही टायर पुन्हा रचून ठेवले होते त्या ढिगाशेजारी, अंतर राखून, अलगद उभी राहिली. आत्या खाली उतरली नाही. तिने काच खाली केली आणि एक कागद बारकीच्या हातात दिला. शिक्का होता, सही होती.

"परीक्षक म्हणाला, बाई, हात चांगलेच कमावलेत," आत्या म्हणाली. "मी म्हटलं, हो." मग तिने शेजारी पाहिलं. "उतरा आता."

"इथे?" आतोबा म्हणाले.

"इथेच. भाची सोडेल तुम्हाला घरी. मी बहिणीकडे जातेय. किती वाजता येईन ते विचारू नका, मलाही माहीत नाही."

आतोबा उतरले. निळी गाडी मागे आली, बोटांनी वळली आणि फाटकातून टेकडीच्या रस्त्याला लागली. किंचाळली नाही, या वेळी गप्प राहायला तिला खरं कारण होतं.

आतोबा थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी सवयीने घड्याळात पाहिलं, तोंड उघडलं, आणि शेजारी आत्या नाही हे बघून मिटलं.

बारकीने फाटक ओढलं. ते कर्कश्श कुरकुरलं, रोजच कुरकुरायचं. ती थांबली आणि आतोबांकडे वळली.

"इथे घातलं तर चालेल," ती म्हणाली.

आतोबांनी खिशातून डबी काढली.