पितळ सैल होत नाही

“टोपी बोटावरून गळायला लागली, तर टोपीला नावं ठेवू नकोस. पितळ सैल होत नाही. बोट दाखवून आण.”

हे वाक्य बोलले गेले तेव्हा मी टेबलावर दोन बायकांच्या मधोमध पडले होते. बोलणारी होती एक म्हातारी मावशी आणि ऐकणारी तिची भाची. भाची हसली. “मावशी, तू टोपी देतेयस की डॉक्टरची चिठ्ठी?” असे म्हणत तिने मला मधल्या बोटात घातले आणि दोघी दुसऱ्या विषयाकडे वळल्या. मित्रांनो, ते हसू आठवले की माझ्या पितळी अंगावर अजून शहारा येतो.

मी एक जुनी टोपी आहे. डोक्यावरची नव्हे, बोटावरची. कोणी मला अंगुस्तान म्हणतात. हाताने शिवणारी माणसे मला घालून सुई ढकलतात, म्हणजे सुईचे मागचे टोक बोटात घुसत नाही. पत्र्याच्या एका गोल चकतीला ठोकून ठोकून मला घडवले आणि मग अंगभर बारीक खळगे पाडले. देवीचे व्रण असावेत तसा माझा चेहरा दिसतो खरा, पण त्या खळग्यांमुळेच सुई घसरत नाही. रूपापेक्षा गुण बरा म्हणतात तो असा.

भाचीकडे येण्याआधी मावशीकडे मी पडदे, अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवले. मावशी गेली. भाचीने मला खणात टाकले, तुटकी बटणे आणि संपलेल्या बॅटऱ्या यांच्या संगतीत. तिथे मी काळी पडले. बाहेर भाचीचा संसार झाला, मुलगा मोठा होऊन दूरच्या गावी नोकरीला गेला, नवरा वारला, आणि भाची आख्ख्या गल्लीची काकू झाली. घर अगदी गप्प झाले तेव्हा एके दिवशी काकूंनी खण उघडला. मला चिंचेने घासले, नवऱ्याच्या जुन्या शर्टांचे तुकडे कापले आणि गोधडी शिवायला बसल्या. त्यांचे टाके तिळाएवढे होते. गल्लीत नाव झाले.

नाव झाले तशा मैत्रिणीही झाल्या. एक मास्तरीण. ती शाळेतून निवृत्त झाली होती, पण तिचा आवाज अजून नोकरीत होता. दुसरी धाकटी. शिकलेली, नुकती आई झालेली, आणि काळजी करण्यात पटाईत. तिच्या पिशवीतून सुईदोऱ्याच्या आधी थर्मामीटर निघे. खिडकी उघडी दिसली की ती बंद करी, बंद दिसली की गॅसचा वास येतोय का बघे. शेवटी मास्तरणीने नियम केला. धाकटीने काळजी बोलून दाखवली की तिने सुयांच्या उशीतली प्रत्येक सुई ओवून द्यायची. म्हाताऱ्या डोळ्यांना सुया ओवणे म्हणजे शिक्षाच, ती तिच्या कोवळ्या डोळ्यांना.

“काकू, हा पंखा जरा हलतोय का हो?”

“उशी घे,” मास्तरीण म्हणे.

“नाही, मी आपलं सहज…”

“सहजची वेगळी उशी नसते. घे.”

तिघी हसत. मीही मजेत होते. या खेळातून पुढे काय होणार आहे हे मला तरी कुठे ठाऊक होते?

पहिल्यांदा मी पडले ती भर दुपारी. काकू तिघींच्या मोठ्या निळ्या गोधडीवर काठाची वेल शिवत होत्या. ही गोधडी शेजारच्या शहरातल्या प्रदर्शनासाठी निवडली गेली होती. अचानक माझ्या आतले बोट थांबले. मित्रांनो, बोट टोपीच्या आत कधीच स्वस्थ नसते. झोपेतल्या मांजरासारखे ते बारीक बारीक हलत असते. ते हलणे बंद झाले. भरल्या खोलीतला दिवा कोणी फुंकावा तसे झाले. बोट लुळे पडले, मी त्यावरून घसरले आणि फरशीवर टणटणत कपाटाखाली गेले.

थोड्या वेळाने हात पूर्ववत झाला. काकूंनी मला काठीने बाहेर ओढले आणि म्हणाल्या, “म्हातारी झालीस गं. सैल झालीस.”

मला ओरडावेसे वाटले, पितळ सैल होत नाही काकू. पण टोपीला तोंड कुठे असते?

पुन्हा तसे झाले, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी काकू एकट्याच होत्या. त्यांना कळत नव्हते असे नाही. एकदा त्या माझ्याशीच बोलल्या, “मुलाला कळलं तर तो येऊन घराला कुलूप लावील आणि मला उचलून नेईल. मग हे टेबल, या पोरी, सगळं संपलं.” त्यांनी निळ्या शर्टाची एक चिंधी घडी करून माझ्या पोटात कोंबली, म्हणजे मी बोटावर घट्ट बसेन. मी घट्ट बसले. आता मी पडून सांगत होते तेही बंद झाले. त्या दिवसापासून मी भीत भीत जगू लागले.

प्रदर्शनाला जायचा बेत ठरला. एक दिवस गाव बघायचे, दुसऱ्या दिवशी प्रदर्शन, आणि परत फिरण्याआधी तिथला जुना घड्याळाचा मनोरा. धाकटीने मुलीला पहिल्यांदाच नवऱ्याजवळ ठेवले होते. बस सुटायच्या आत तिचा फोन सुरू.

“झोपली का? जेवली का? अंग गरम नाही ना?”

“झोपली, जेवली, गार आहे,” पलीकडून नवरा म्हणाला. “तू ठेवून गेलीस तशीच आहे. फक्त भांग मी पाडलाय, तेवढा वाकडा आहे.”

मास्तरणीने पिशवीतून उशी काढून धाकटीच्या मांडीवर ठेवली. बसभर धाकटी सुया ओवत राहिली. तिचा सगळा जीव मागे घरात होता. तिच्या कोपराला कोपर लावून काकू बसल्या होत्या, आणि त्यांचे बोट माझ्या आत गार पडत चालले होते.

दुपारी तिघी तळ्यात नावेने फिरल्या. काकू मला कधी उतरवून ठेवत नसत; मी नसले की बोट उघडे वाटते म्हणत. तळ्याच्या मध्यावर त्यांनी हात पाण्यात सोडला आणि बोट पुन्हा विझले. चिंधी ओली होऊन निसटू लागली. खाली हिरवे, खोल पाणी. मी बोटाच्या अगदी टोकाशी लोंबत होते. बुडण्याचे भय होतेच, पण त्याहून मोठे भय असे, की मी बुडाले तर हे गुपितही माझ्याबरोबर बुडेल. काकूंनी डाव्या हाताने मला झडप घालून धरले.

“काय झालं काकू?” धाकटीने विचारले.

“पाणी गार आहे.”

“तुमचा चेहरा उतरलाय. मला जरा काळजी…”

“उशी घे,” या वेळी काकू स्वतः म्हणाल्या. मास्तरीण इतकी हसली की नाव हलली. धाकटी ओशाळून पाण्याकडे बघू लागली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या दालनात आमची निळी गोधडी उंच दांडीवरून सोडली होती. माणसे येत, मान मागे टाकून बघत. मास्तरीण प्रत्येकाला वर्गात शिकवावे तसे समजावून सांगत होती. चष्मा लावलेल्या एका परीक्षक बाई आल्या. त्यांनी काठाच्या वेलीवरून बोट फिरवत नेले आणि खालच्या कोपऱ्याशी थांबल्या.

“वा,” त्या म्हणाल्या. “सगळीकडे तिळाएवढे टाके, आणि या कोपऱ्यात मुद्दाम लांब आणि तिरपे. वाऱ्यात वेल हलल्यासारखी वाटते. ही कल्पना कोणाची?”

काकूंनी त्या कोपऱ्याकडे बघितले. “माझी,” त्या म्हणाल्या. “वाराच तो.”

परीक्षक बाई खूश होऊन पुढे गेल्या. मास्तरीण तर फुगून टम्म झाली. “बघितलंस? वारा. आम्हाला पत्ता नाही आणि काकूंनी वारा शिवला.”

धाकटी मात्र कोपऱ्याशी वाकली होती. ती टाके वाचत होती. वेल जशी पुढे सरकत गेली तसा टाका आधी थोडा मोठा झाला होता, मग कलला होता, मग एके ठिकाणी दोरा तीनदा एकाच भोकातून गेला होता, मग पुन्हा काही अंतर तिळाएवढे, आणि पुन्हा घसरण. वारा असा थांबून थांबून वाहत नाही. तिने वर बघितले तेव्हा तिचे डोळे थेट माझ्यावर आले.

“बाई,” ती मास्तरणीला हळू आवाजात म्हणाली, “काकूंचा हात…”

“आज तरी नको गं,” मास्तरीण म्हणाली. “लोक कौतुक करतायत. उशी खोलीवर राहिलीय, नाहीतर दिलीच असती.”

धाकटीने विषय सोडला. पण त्यानंतर तिने घरी फोन केला नाही. ती काकूंच्या मागेच राहिली.

मनोऱ्याचा जिना दगडी, अरुंद आणि गोल गोल वर जाणारा. दोन माणसे शेजारी मावणार नाहीत इतका. मास्तरीण पुढे, मध्ये काकू, मागे धाकटी. तिच्याही मागे अनोळखी माणसांची रांग, त्यामुळे परत फिरायची सोय नाही. वर कुठेतरी घड्याळाचे यंत्र खडखडत होते. काकूंचा उजवा हात भिंतीतल्या साखळीवर होता, आणि तो हात मला आतून कळत होता. मी मनात म्हणत होते, नको काकू, आणखी एक पायरी नको.

आणि बोटातला दिवा विझला.

हातातली साखळी सुटली. चिंधीसकट मी बोटावरून निघाले आणि पायऱ्यांवर आपटत खाली निघाले. टण. टण. टण. त्या गोल जिन्यात माझा आवाज केवढा मोठा झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले की आपल्याला तोंड आहे. मी धाकटीच्या बुटाला आपटून थांबले.

तिने मला उचलले. माझ्या पोटातली चिंधी बाहेर लोंबत होती. एकावर एक दाबलेल्या घड्या, घामाने आणि काळाने कडक झालेल्या. आजकालची चिंधी नव्हती ती. धाकटीला गोधडीचा कोपरा आठवला, तळ्यातली नाव आठवली.

“काकू,” ती वर चढत म्हणाली, “माझ्याकडे बघा. काहीतरी बोला.”

काकू भिंतीला टेकल्या होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या, पण शब्द पाण्यात भिजलेल्या कागदासारखा फाटून आला. ओठाचा एक कोपरा खाली उतरला होता.

वरच्या वळणावरून मास्तरीण ओरडली, “काय झालं? धाकटे, पुन्हा सुरू झालीस का? घे उ…” आणि तिला काकूंचा चेहरा दिसला. 

“जन्मभर सुया ओवीन बाई,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज कापत नव्हता. “आधी खाली रुग्णवाहिका बोलवा.” मग तिने मागच्या रांगेकडे वळून सांगितले, “मागे सरका. एकेक जण उलट उतरा. घाई करू नका, पण थांबू नका.” जी बाई उघड्या खिडकीला भीत असे, तिने काकूंना दोन अनोळखी माणसांच्या हातांवर त्या अंधाऱ्या जिन्यातून खाली आणले. मी तिच्या मुठीत होते. मूठ इतकी घट्ट, की तिच्या तळव्यावर माझे खळगे उमटले.

दवाखान्यात पोचेपर्यंत काकूंना बोलता येऊ लागले होते. “मी बरी आहे, उगाच गोंधळ,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी ऐकून घेतले नाही. तपासण्या झाल्या.

“मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली वाट अरुंद झालीय,” त्यांनी बाहेर येऊन सांगितले. “हात लुळा पडतो आणि परत येतो, म्हणजे बरं झालं असं नसतं. ती दारावरची थाप असते. आधी कधी झालं होतं असं?”

मास्तरीण धाकटीकडे बघू लागली. धाकटीने मूठ उघडून मला आणि चिंधीला टेबलावर ठेवले.

शस्त्रक्रिया झाली. काकूंचा मुलगा धावत आला, आणि त्याने घराला कुलूप लावले नाही. आईच्या उशाशी बसून तो एवढेच म्हणाला, “मला घाबरून लपवलंस का गं?” काकूंनी मान वळवली. ते उत्तर मला या प्रवासात सर्वात जड गेले.

आता काकू आपल्याच घरात आहेत, पण हात पहिल्यासारखा राहिला नाही. मी त्यावर बसते, चिंधीशिवाय. मला नवे काम मिळाले आहे. रोज सकाळी धाकटीचा फोन येतो, काकू तो कानाला लावतात आणि मला त्यावर दोनदा वाजवतात. टकटक. म्हणजे मी उठले, हात चालतोय. बोलायचे असेल तर बोलायचे, नसेल तर नाही.

एकदा टकटक गेली नाही. काकू अंगणात कुंड्यांना पाणी घालत होत्या आणि मी ओली होऊ नये म्हणून त्या दिवशी त्यांनी मला काढून टेबलावर ठेवले होते. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. मित्रांनो, काकू अंगणात ठणठणीत आहेत हे मला दिसत होते, तरी त्या आवाजाने माझा जीव गोळा झाला. मग दार धाडकन उघडले. धाकटी आत आली, कडेवर मुलगी, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

“अगं, पाणी घालत होते,” काकू म्हणाल्या.

धाकटी मुलीला घेऊन तशीच खाली बसली. तिच्या मागून धापा टाकत मास्तरीण आली. तिने टेबलावरची उशी उचलली आणि काकूंसमोर ठेवली. “नियम बदललाय. काळजी उडवून लावणाऱ्याने सुया ओवायच्या. माझ्या ओवून झाल्या. आता तुमची पाळी.”

काकूंनी त्या दुपारी एकच सुई ओवली. दोरा कितीदा तरी हुकला. दोघी शेजारी बसून राहिल्या, पण कोणी ती सुई त्यांच्या हातातून घेतली नाही.

मी अजून भिते. रोज पहाटे, फोन वाजायच्या आधी. भीती वाईट नसते, असे मला आता वाटते. तिला हसून उशी देणे वाईट.

म्हणून शेवटी एवढेच मागते. तुमच्या ओळखीत कोणी एकटे राहत असेल, हातून वस्तू पडली की वस्तूलाच नावे ठेवत असेल, “काही नाही, गार लागलं” म्हणत असेल. आज त्यांचा आवाज ऐकलात का? नसेल ऐकला, तर माझी गोष्ट इथे ठेवा. मी कुठे जात नाही. तुम्ही उठा, आणि त्यांचे दार वाजवून या.