सगळे तुकडे सारखे

अंगणात कोंबड्या जिच्यात चोच बुडवून पाणी पितात ना, ती मी. हसू नका! एकेकाळी यांच्याच जातभाईंना मी तळून काढलंय. आता त्यांना पाणी पाजायची पाळी आली. मी लोखंडी कढई, नंदुरबारच्या अजीजमियांच्या घरची.

लोहाराच्या घणाखाली माझा जन्म झाला. त्या माराचं रडगाणं मी गाणार नाही, मार सगळ्यांनाच बसतो. आठवडे बाजारात सालेहाबींनी मला पालथी केली, उताणी केली, बोटानं टकटक वाजवली आणि लोहाराशी मनसोक्त भांडून घरी आणली. अजीजमिया त्यांचे शोहर. कापूस पिंजून रजया भरायचे. घरात शब्द मात्र सालेहाबींचाच चाले.

कोंबडी शिजली की वाटप त्याच करत. तंगड्या पुरुषांना, सीना पाहुण्याला, मान आणि पाठ बायांना. यात दुष्टावा नव्हता. त्यांच्या सासूनं असंच वाटलं होतं, म्हणून त्याही वाटत. माणसं हाताला लागलेलं वळण कधी तपासत नाहीत, हे मी चुलीवर बसून पुष्कळदा पाहिलंय.

मग सून आली, नईमा. शांत, कामाला वाघीण. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती पिवळी पडली, पीठ मळता मळता भिंतीला टेकायची. शेजारच्या जमनाबाई सुईणीनं तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि चुलीपाशीच बजावलं, "सालेहाबी, इन्हा अंगमा रगत नई शे. इले खावाड, नईतं दोन्ही जातीन."

सालेहाबी घाबरल्या. तिच्या भाकरीवर तूप घालू लागल्या, रस्सा वाढू लागल्या. पण रश्श्यात मान ती मानच! सुनेला तंगडी द्यावी, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

नईमाचा नवरा बशीर धडगावच्या सरकारी बंगल्यावर बावर्ची होता. त्या हिवाळ्यात तो सुट्टीवर आला. बायकोचा चेहरा पाहून त्याचाच चेहरा उतरला. पण आईपुढं बोलायची छाती कुठली! तो एवढंच म्हणाला, "अम्मी, आज साहेबलोकस्ना खाना मी करस."

त्यानं स्टेशनाजवळच्या भट्टीतून पाव आणले, उन्हात कडक वाळवले, खलबत्त्यात कुटले. कोंबडीची सगळी हाडं काढली. साहेबांना बोटं माखायला आवडत नाहीत म्हणे. मानेपाठीचं मांसही खरवडून ठेचलं आणि ज्याचे त्याचे वेगळे, पण तळहाताएवढे सारखेच चपटे तुकडे थापले. आलं-लसूण-मिरची चोळली, अंड्यात बुडवले, पावाच्या चुऱ्यात घोळवले आणि माझ्यातल्या तापल्या तेलात सोडले. चुर्र! असा खमंग वास माझ्यातून कधी उठला नव्हता. मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

"हाई गरमच खानं पडस," म्हणून त्यानं सगळ्यांना एकदमच बसवलं. वाढायला सालेहाबी सरसावल्या आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

"तंगडी कोनती नि मान कोनती?"

"काय माहीत, अम्मी. सगळा सारखाच दिसतस," बशीर म्हणाला. त्यानं मुद्दाम केलं की नाही, देव जाणे. आईकडे मात्र तो बघत नव्हता, नईमाकडे बघत होता.

"आते वाटू कसं?" सालेहाबी वैतागल्या. शेवटी हाताला येईल तो तुकडा ज्याच्या त्याच्या ताटात टाकत गेल्या. अजीजमियांनी पहिला घास घेतला आणि ताटातला तुकडा उलटून पाहिला. जन्मभर तंगडी खाल्लेल्या जिभेला मानेपाठीचं मांस ओळखू आलं असणार. पण त्यांनी ब्र काढला नाही, याबद्दल मी त्यांना मानते.

सालेहाबींनी आपला तुकडा तोडला, चावला. पुन्हा चावला.

"बशीर, हाई कसानं मास शे? इतलं नरम?"

बशीरनं तोडलेला तुकडा निरखला. "तंगडीनं शे, अम्मी."

त्यांचा घास तोंडातच राहिला.

"तंगडी अशी ऱ्हास?"

या बाईनं किती कोंबड्या शिजवल्या याला गणती नाही, आणि तंगडी कशी लागते हे तिला म्हातारपणी पोराला विचारावं लागलं. मी लोखंडाची, मला कशाचं वाईट वाटत नाही असं समजतात. त्या दिवशी वाटलं.

सालेहाबींनी डोळे पुसले. उरलेला तुकडा नईमाच्या ताटात ठेवला आणि दरडावल्या, "खाय. मन्हा समोर खाय."

त्यानंतर त्या घरात कोंबडीचं पहिलं ताट नईमाचं झालं. उन्हाळ्यात फरजाना जन्मली, धडधाकट, घर डोक्यावर घेणारी. जमनाबाईनं नईमाला हातीपायी नीट सोडवलं, मायलेकी दोघी सुखरूप.

पुढं माझ्या काठाला चीर गेली आणि मी अंगणात आले. परवा दूरदेशी चाललेल्या लढाईमुळं लोखंडाला भाव आला म्हणून भंगारवाला दारात उभा राहिला. मला उचललंही त्यानं. तोच खाटेवरून म्हाताऱ्या सालेहाबी ओरडल्या, "ठेव खाले! हिन्हामातली तंगडी मी खादी शे."

तो बापडा काय समजणार? ठेवली त्यानं. तेव्हा मी इथंच आहे, कोंबड्यांना पाणी पाजत. तुमच्या घरी आज काही चांगलंचुंगलं शिजलं असेल, तर माझ्याजवळ रेंगाळू नका. घरी जा आणि जिनं ते शिजवलं तिच्या ताटात काय पडलंय, ते बघा.